राजीनाम्यावर सगळेच ‘घरगुती अडचण’ लिहितात

गेटच्या आत-बाहेर : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: कंपनी सोडू का? काहींनी तर सोडून झाल्यावर विचारलंय. त्यांतली तीन घेतोय. नवीन वाचकांसाठी एवढंच, की मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला टाइम ऑफिसात (हजेरीच्या कचेरीत) कारकून म्हणून लागलो आणि पर्सनल खात्यातून (कामगारांचं बघणाऱ्या) रिटायर झालो. वकील नाही. पत्र पाठवणाऱ्याचं आणि त्याच्या कंपनीचं नाव छापत नाही, कोणी स्वतःहून छापा म्हटलं तरी. वाळूज एमआयडीसी नकाशावर मोठी दिसते, पण वाळूजजवळच्या पंढरपूरच्या टपरीवर सकाळी सांगितलेली गोष्ट सेकंड शिफ्ट भरायच्या आत इथल्याच जोगेश्वरीला पोचलेली असते.

प्रश्न : काका, मी घनसावंगी तालुक्यातला, आयटीआय मशिनिस्ट. वाळूजला एका व्हेंडर (मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या) कंपनीत व्हीएमसी मशीन चालवतो. आठ वर्षं झाली, परमनंट आहे. मागच्या वर्षी नवीन शिफ्ट इंचार्ज आला तेव्हापासून मन लागंना. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून तीन दिवस सुट्टी मागितली, तर सगळ्या लाइनसमोर म्हणाला, ‘बापाला दोन डोळे आहेत ना, एकानं दिसतंय की.’ मी काही बोललो नाही. पुढं माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोराला लाइन लीडर केलं. नाइट मलाच जास्त लागायलीय. घरी आलं की लेकरावर चिडचिड व्हायलीय. आता शेंद्र्याची एक कंपनी पंचवीस हजार द्यायलीय. इथं हातात अठरा हजार चारशे पडतात. बायको म्हणते जा, वडील म्हणतात परमनंट सोडू नको. काय करू?
— एक वाचक, रांजणगाव शेणपुंजी

उत्तर : तुमच्या पत्रात पगार कुठं आलाय बघा. पार शेवटी. त्याच्या आधी वडिलांचे डोळे आले, लाइन लीडर आला, नाइट आली, लेकरू आलं. त्याच क्रमानं मी उत्तर देतो.

आमच्याकडं राजीनाम्याचा छापील अर्ज होता. त्यात ‘नोकरी सोडण्याचे कारण’ अशी एक ओळ. त्या ओळीवर जवळजवळ प्रत्येकानं ‘घरगुती अडचण’ असं लिहिलेलं असायचं. अक्षर वेगळं, मजकूर तोच. तोच माणूस चार महिन्यांनी मोरे चौकात भाजी घेताना भेटला की खरं सांगायचा. एकाची कंपनीचीच बस उशिरा आली, सातऐवजी सात-पाचला पंच झाला, अन् हाफ डे कापला. एकाला बहिणीच्या लग्नाला दोन दिवस दिले आणि तिसऱ्या दिवशी फोन करून करून मांडवातून उठवला. एकाचा सेटिंगमध्ये हात बसलेला, पण मशीन बंद पडलं की इंजिनिअर त्यालाच विचारून दुरुस्त करायचा आणि वरती आपलं नाव सांगायचा. यातलं एकही कारण त्याच्या घरातलं नव्हतं. पण रिलीव्हिंग लेटर आणि हिशेब ज्याच्या हातात, त्याच्या तोंडावर खरं कोण लिहील? ते तसं लिहितात यात मला काही चूक वाटत नाही. मालक मात्र ती फाइल बघून ‘आपल्याकडं काही प्रॉब्लेम नाही, पोरांच्या घरच्याच अडचणी’ असं समजतात, तिथं चुकतं.

मालकांच्या मीटिंगमध्ये कायम ऐकलं, की माणूस दोन पैसे जास्त मिळाले की पळतो. ठेकेदाराकडच्या पोराबद्दल हे खरं आहे, आणि का असू नये? त्याला ना कसली हमी, ना पुढं काही दिसत. पण आठ वर्षं टिकलेला परमनंट माणूस पैशासाठी उठत नाही. आधी त्याचं मन उठतं, आणि मग तो मित्राला विचारतो, ‘तुमच्याकडं किती देतात रे?’ तुमचं तेच झालंय. त्या इंचार्जनं ते वाक्य बोललं नसतं, तर शेंद्र्याचा आकडा तुमच्या कानावर येऊनसुद्धा तुम्ही चहा पिऊन विसरला असता.

आता तो आकडा बघू. पंचवीस हजार हातात की सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यामागं पडणारा सगळा खर्च, हे विचारलंत का? माझा अंदाज सीटीसीच असणार. मग कागदावर असं मांडा. पीएफ १५,००० वर धरला तर मालकाचा १२ टक्के हिस्सा १,८०० रुपये, तो त्या पंचवीस हजारांतच असतो. ग्रॅच्युइटीची (सोडताना नोकरीच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२०. बोनस महिन्यावारी दाखवलेला, ८.३३ टक्क्यांनी १,२५०. उरले २१,२३०. यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला, की हातात १९,२३०. आज पडतात १८,४००. फरक आठशे तीस रुपये. आणि शेंद्रा म्हणजे शहराचं दुसरं टोक. तुमची कंपनी बस देत असेल आणि शेंद्र्याची देत नसेल, तर हे आठशे रुपये पेट्रोलमध्ये जाऊन वर खिशातले घालावे लागतील. खोली तिकडं हलवायची म्हटलं तर लेकराची शाळा मध्येच बदलायची.

अजून एक. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, मर्यादा २१,००० रुपये पगाराची आहे. आज तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि तुमच्यावर अवलंबून असतील तर आई-वडिलांनाही त्यातून उपचार मिळतात. नवीन नोकरीतला पगार या मर्यादेच्या वर धरला गेला, तर तुम्ही ईएसआयच्या बाहेर. वडिलांचा दुसरा डोळा राहिलाच आहे ना? नवीन कंपनी मेडिक्लेम देते का, आणि त्यात आई-वडील येतात का, हे विचारल्याशिवाय होकार कळवू नका. सगळ्यात आधी हे विचारा, की ऑर्डर कंपनीच्या रोलवरची (स्वतःच्या पटावरची) की ठेकेदाराच्या. ठेकेदाराची असेल तर पुढचं काही वाचूच नका.

वडील परमनंट सोडू नको म्हणतात ते उगाच नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग व्हेंडर कंपन्या आल्या, आणि गेवराई, सेलू, पाथरी, घनसावंगी असल्या तालुक्यांतून पोरं उतरायला लागली. गावाकडं पोरगा परमनंट झाल्याचं कळलं की स्थळं यायला सुरुवात व्हायची. पाऊस पडो न पडो, सात तारखेला पगार. कोरडवाहू माणसाला याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. पण त्या पिढीनं त्या सात तारखेसाठी पुष्कळ काही गिळलंही. तुम्ही तेवढं गिळावं असं मी म्हणणार नाही.

तर माझा सल्ला. पहिली पायरी राजीनाम्याची नाही. तुमचं भांडण कंपनीशी नाही, एका माणसाशी आहे. पर्सनलला जाऊन शॉप (कामाचं खातं) किंवा शिफ्ट बदलून मागा, लेखी. सुट्टीचं जे बोलला ते तारीख आणि शिफ्ट घालून चार ओळींत लिहा, शिव्या न घालता. वीस किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती असावी लागते. तुमच्याकडं ती नोटीस बोर्डावर तरी आहे का बघा. शिफ्ट इंचार्ज येतात आणि जातात, बहुतेक वेळा परमनंट कामगाराच्या आधीच जातात. आणि इथून पुढं सुट्टी तोंडी मागू नका. भरपगारी रजा कामाच्या दर २० दिवसांना १ अशी जमा होते. न वापरलेली ३० पर्यंतच पुढं नेता येते, पण अर्ज करून नाकारलेल्या रजेला ती मर्यादा नाही. ती जमा होत राहते आणि सोडताना तिचे पैसे मिळतात. तोंडी नाकारलेल्या सुट्टीचा मात्र कुठं मागमूस राहत नाही. इंचार्ज लोकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून ते अर्ज हातात घ्यायचं टाळतात. त्यांनी घेतला नाही तर टाइम ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

दोन-तीन महिन्यांत काही हललं नाही, तर जा. तेव्हा मी अडवणार नाही. पण जाताना नीट जा. घरी बसून फोन बंद करणारे खूप असतात. त्यांचा हिशेब वर्षानुवर्षं अडकतो. नोटीस द्या, राजीनाम्याची पोच घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर पगाराचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत द्यायला सांगितलंय. तुमचे अकाउंटवाले ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतील तेव्हा हे त्यांना नम्रपणे ऐकवा. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवस. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,००० असेल, तर त्याला गुणिले १५ भागिले २६ गुणिले ८ वर्षं, म्हणजे सुमारे ६९,२०० रुपये. वर सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर नऊ वर्षं धरतात, मग ७७,९०० च्या आसपास. राजीनाम्याची तारीख टाकण्याआधी जॉइनिंगची तारीख बघा म्हणून सांगतो, ते यासाठी.

पीएफ काढू नका, यूएएनवर (तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर) नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. त्या खात्यावर १० वर्षांची नोकरी झाली की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क लागतो. तुमची आठ झालीत. ते पैसे काढून घेतले तर ती आठ वर्षं पुसली जातात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

प्रश्न : मी चिकलठाण्यात छोटं प्रेस शॉप (मशीनवर पत्रा दाबून भाग काढायचं) चालवतो. पस्तीस माणसं, बरीचशी ठेकेदारामार्फत. दिवाळीचा बोनस घेऊन गेली की निम्मी परतच येत नाहीत. मागच्या वर्षी पाचशे रुपये वाढवले, हजेरी बोनस चालू केला, तरी तेच. आजकालच्या पोरांना मोबाइल पाहिजे आणि बसून पैसा पाहिजे. टिकवायचं कसं?
— एक उद्योजक

उत्तर : साहेब, मोबाइल तुमच्याही खिशात आहे, तो बाजूला ठेवू.

दिवाळीचं आधी सांगतो. तुमची पोरं कुठली? जालना, परभणी, बीड, हिंगोलीकडची असणार. तिकडं दसरा-दिवाळीला सोयाबीनची रास चालू असते आणि मागोमाग कापसाची वेचणी. घरात वेचायला माणूस नाही, मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पोरगा दिवाळीला चार दिवस म्हणून जातो, बाप म्हणतो एवढी वेचणी करून जा. तो दहा दिवस उशिरा आला की तुमचा सुपरवायझर गेटवरूनच परत पाठवतो. मग तो शेजारच्या गेटवर उभा राहतो, त्याला तिथं त्याच दिवशी घेतात. ही माणसं पळालेली नाहीत, तुमच्या गेटनं हाकललेली आहेत. जूनमध्ये पेरणीला आणि ऑक्टोबरात राशीला कोण कधी जाणार याची यादी महिनाभर आधी भिंतीवर लावा, आळीपाळीनं सोडा, आणि ठरल्या दिवशी आला की मुकाट्यानं कामावर घ्या. पाचशे रुपयांपेक्षा याला खर्च कमी आहे.

बोनस घेऊन जातात म्हणून राग मानू नका. तो गेल्या आर्थिक वर्षाचा असतो. वर्षात ३० दिवस काम केलेल्याला, नोकरी सोडली असली तरी, त्याच्या दिवसांप्रमाणे द्यावाच लागतो. पोरांना हे माहीत नसतं, म्हणून बिचारी दिवाळीपर्यंत दिवस मोजत थांबतात. मी इथं छापतोय, तेव्हा यंदा काही जण गणपतीतच जातील. मला दोष द्या.

हजेरी बोनसचं. एक खाडा झाला की पूर्ण हजार-पंधराशे कापायचे अशी तुमची पद्धत असणार, सगळीकडं तीच असते. तापानं फणफणलेला पोरगा त्यासाठी प्रेसवर उभा राहतो. एक दिवस बुडाला, की उरलेल्या महिन्यात यायला त्याला कारणच उरत नाही. एका खाड्याला पाव कापा, सगळं कापू नका.

आता खरं बोलतो. मी प्रेस शॉप पुष्कळ पाहिलेत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, वरचा पंखा गरम वाराच खाली ढकलतोय, वॉटर कूलर बिघडलेला आणि त्याच्या नळाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. पण माझी नजर पहिल्यांदा बटणावर जायची. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येऊ नये म्हणून. टार्गेट वाढलं की कोणीतरी एक बटण टेपनं किंवा लाकडाच्या चिपटीनं कायमचं दाबून ठेवतो. मग एक हात मोकळा. पत्रा सरकवा, उचला, सरकवा. तासाला नग वाढतात. सुपरवायझरला दिसत असतं, तो दुसरीकडं बघतो. मालकाला माहीत नसतं असं मालक म्हणतो. आणि एक दिवस एखाद्याची दोन बोटं जातात. त्याला रिक्षात घालून नेतात, मशीन पुसतात, आणि सेकंड शिफ्टला तेच मशीन नवीन पोराला देतात. त्या आठवड्यात चार जण सोडून जातात. कारण विचारा: घरगुती अडचण.

तुमच्याकडं असं नसेल तर उत्तम. तरी उद्या सुपरवायझरला न सांगता स्वतः लाइनवरून एक चक्कर मारा आणि प्रत्येक प्रेसचं डावं बटण हातानं दाबून बघा.

ठेकेदाराबद्दल थोडक्यात. तो पगार सात तारखेच्या आत देतो का? त्यानं पीएफ बुडवला तर मूळ मालक म्हणून वसुली तुमच्याकडं येते, तेव्हा चलन दर महिन्याला मागून बघा. आणि कायम करायची वेळ येऊ नये म्हणून, २४० दिवस भरायच्या आत, सात महिन्यांनी ब्रेक देणं चालू असेल, तर मग पोरं टिकत नाहीत ही तक्रार कशाला? सात महिन्यांत ज्याला तुम्हीच घरी पाठवता, तो पाचव्या महिन्यापासूनच दुसरं बघायला लागतो. वर्षानुवर्षं तसं टेम्पररी ठेवणं १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरतं, ते वेगळंच. पस्तीसमधले जे दहा जण डाय सेटिंग (प्रेसचा साचा बसवणं) समजणारे आहेत त्यांना आपल्या रोलवर घ्या. नवीन पोरगा शिकेपर्यंत जो माल रिजेक्ट होतो तो भंगारात देताना एकदा वजन करून बघा, म्हणजे दहा जणांचा खर्च जड वाटणार नाही.

प्रश्न : काका, आमचे हे बारा वर्षांपासून कंपनीत आहेत, वय अडतीस. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. नाइटच्या आठवड्यात दिवसा झोप येत नाही, पत्र्याची खोली तापते, शेजारी लेकरं खेळतात. पित्त वाढलंय. आता म्हणतात नोकरी सोडून पीएफ काढू, वडवणीकडं गावी जाऊन चार म्हशी घेऊ. माझं मन धजत नाही, पण त्यांचे हालही बघवत नाहीत.
— एक भगिनी, बजाजनगर

उत्तर : ताई, नाइटचा त्रास हा खोटा बहाणा नसतो, आणि तो वयाबरोबर वाढतो. त्यांना आधी डॉक्टरकडं न्या आणि झोपेची, पित्ताची तक्रार कागदावर आणा. तो कागद जोडून जनरल शिफ्टसाठी किंवा नाइट नसलेल्या खात्यासाठी अर्ज द्यायचा. कंपनीनं द्यावंच असा नियम नाही, पण स्टोअर, टूल रूम, डिस्पॅच अशा जागा प्रत्येक कंपनीत असतात आणि बारा वर्षांच्या माणसाला त्या मिळालेल्या मी पाहिल्यात.

पीएफचं म्हणाल, तर दहा वर्षं उलटल्यामुळं पेन्शनचे पैसे आता काढता येत नाहीत, ते पेन्शन म्हणूनच मिळतील. नोकरी सोडली तर स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी झालेल्या नोकरीच्या नोंदीचा कागद) घेऊन जपून ठेवायचं. बाकीची पीएफची रक्कम निघेल, पण ती सगळी म्हशींत घालू नका. एक म्हैस आजारी पडली, आटली, की घरात पैसा येणं थांबतं आणि पेंडीचा खर्च थांबत नाही.

दुभती म्हैस दिवसाला पन्नास लिटरच्या पुढं पाणी पिते, धुणं वेगळं. चार म्हशी म्हणजे रोजचं दोनशे लिटर नुसतं पिण्याला. तुमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो का, तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं, आणि दूध घालायचं संकलन केंद्र किती लांब आहे, एवढं सासऱ्यांना विचारून कळवा. मग पुढचं बोलू.